ट्रिगरपासून टोपड्यापर्यंत

आयव्हीएफमध्ये, म्हणजे टेस्ट ट्यूब बाळाच्या उपचारात, अंडी पिकवायला शेवटी देतात ते ट्रिगरचं इंजेक्शन बहुतेक रात्री साडेनऊ-दहाला असतं. त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी अंडी काढायची, म्हणजे परवा सकाळी आठ-नऊच्या सुमाराला ‘पिकअप’. दहा-बारा दिवस रोज पोटात सुया टोचून घेतलेल्या बाईला त्या रात्री सुटल्यासारखं वाटतं. वॉर्डात आम्हाला मात्र खरी काळजी त्याच रात्रीपासून लागते.

आयव्हीएफचा वॉर्ड आणि नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष, दोन्हीकडच्या कामातून एक गोष्ट पक्की कळली आहे. वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत ठेवलेल्या १२०० ग्रॅमच्या बाळाचं दुखणं पुष्कळदा खालच्या मजल्यावर सुरू झालेलं असतं. ट्रिगर कुठलं दिलं आणि गर्भ किती सोडले, या दोन निर्णयांपाशी. दोन्ही वेळेला जोडपं डॉक्टरांसमोर बसलेलं असतं, तेव्हा विचारता येतं. म्हणून सगळं त्याच क्रमाने लिहितो आहोत.

आधी ट्रिगर. ते दोन प्रकारचं असतं. एक एचसीजीचं, म्हणजे गरोदरपणातल्या संप्रेरकाचं, ५००० किंवा १०००० युनिटचं, नाहीतर २५० मायक्रोग्रॅमचं तयार पेन. दुसरं ॲगोनिस्ट, म्हणजे ल्युप्रोलाइड किंवा ट्रिप्टोरेलिन. अंडी पिकवायचं काम दोन्ही करतात, फरक पुढे पडतो. एचसीजी आठवडाभर आणि त्याहूनही जास्त रक्तात रेंगाळतं आणि फुगलेल्या अंडाशयांना डिवचत राहतं. त्या अंडाशयांतून व्हीईजीएफ नावाचं द्रव्य भरमसाट बाहेर पडतं आणि त्याने केशवाहिन्या पाझरू लागतात. रक्तातलं पाणी, मीठ आणि प्रथिनं पोटात उतरतात. पोट पाण्याने भरतं आणि रक्त मात्र घट्ट होतं. हाच ओएचएसएस, पूर्ण नाव ओव्हेरियन हायपरस्टिम्युलेशन सिंड्रोम. ॲगोनिस्टने शरीराचंच एलएच, म्हणजे अंडं पिकवून फोडणारं संप्रेरक, एकदम वर येतं आणि दीड दिवसात खाली बसतं, त्यामुळे हा धोका फार कमी होतो.

मग सगळ्यांना ॲगोनिस्टच का देत नाहीत? कारण तो फक्त अँटॅगोनिस्ट पद्धतीच्या सायकलमध्ये चालतो, म्हणजे पाचव्या-सहाव्या दिवसापासून सेट्रोरेलिक्स ०.२५ मिलिग्रॅम रोज देऊन अंडी वेळेआधी फुटू न देण्याची पद्धत. जुन्या लाँग प्रोटोकॉलमध्ये मेंदूतली ग्रंथी आधीच गप्प केलेली असते, मग ती ॲगोनिस्टला उत्तर कुठून देणार? शिवाय काही थोड्या बायकांमध्ये ॲगोनिस्टने एलएच पुरेसं चढत नाही, म्हणून काही ठिकाणी दुसऱ्या दिवशी सकाळी रक्तात ते तपासून घेतात. आणि या ट्रिगरनंतर ताजा गर्भ सोडला तर तो नीट धरत नाही, म्हणून गर्भ गोठवून ठेवावे लागतात.

धोका कोणाला जास्त, हे पहिल्याच भेटीत दिसतं. पीसीओएस (अंडाशयात खूप बारीक फॉलिकल असण्याचा, पाळी अनियमित करणारा त्रास), कमी वय, बारीक अंगकाठी, एएमएच (अंड्यांचा साठा सांगणारी रक्ततपासणी) ३.५ च्या आसपास किंवा वर, पाळीच्या दुसऱ्या दिवशीच्या सोनोग्राफीत दोन्ही बाजू मिळून २४ हून जास्त बारीक फॉलिकल (अंड्यांच्या पिशव्या), किंवा आधीच्या सायकलला असंच पोट फुगलेलं. यांतलं काहीही असेल तर सुया सुरू होण्याआधीच विचारावं: अँटॅगोनिस्ट पद्धत आहे ना, एफएसएचचा, म्हणजे अंडी वाढवायच्या रोजच्या सुईचा, डोस किती (अशा बाईला १५० युनिटच्या आत सुरुवात करणं शहाणपणाचं), ट्रिगर कुठलं, आणि गर्भ गोठवणार की लगेच सोडणार.

शेवटच्या प्रश्नावर घरचे अडतात. पिकअपच्या दिवशी ‘अठ्ठावीस अंडी निघाली’ म्हटल्यावर पेढे वाटायचंच बाकी राहतं, आणि त्याच संध्याकाळी डॉक्टर म्हणतात की या महिन्यात गर्भ सोडायचा नाही. गोठवण्याचा खर्च, पुन्हा महिना-दोन महिने थांबणं, गावाहून पुन्हा फेरी. नाराजी समजते. पण अठ्ठावीस अंडी हा इशारा आहे. गर्भ त्याच महिन्यात धरला तर वार स्वतःचं एचसीजी बनवू लागते आणि नऊ-दहा दिवसांनी, पोट उतरायला लागलंय असं वाटत असताना, आजार दुप्पट जोराने परत येतो. आमच्या पाहण्यातल्या सगळ्यात वाईट केसेस या उशिराच्याच. गोठवलेल्या गर्भाला घाई नसते. कायद्याने तो दहा वर्षांपर्यंत ठेवता येतो.

पिकअपनंतर घरी जाताना वही, शिंप्याचा टेप आणि लघवी मोजायला मापाचा जग या तीन गोष्टी बरोबर हव्यात. सकाळी उठून लघवी झाली की चहाच्या आधी वजन करायचं, रोज त्याच काट्यावर, त्याच गाऊनमध्ये. मग सरळ झोपून बेंबीच्या पातळीवर टेप फिरवायचा. टेप रोज एकाच उंचीवर यावा म्हणून बेंबीच्या दोन्ही बाजूंना बॉलपेनने बारीक खूण करून ठेवायला आम्ही सांगतो, नाहीतर आज दोन बोटं वर, उद्या खाली, आणि चार सेंटिमीटरचा फरक निव्वळ हाताचा निघतो. टेप घट्ट ओढायचा नाही, श्वास सोडलेला असताना वाचायचा. दिवसभराची लघवी मापाच्या जगमध्ये मोजून लिहायची. पाणीही मापाच्या बाटलीतून प्यायचं.

वजन २४ तासांत किलोभराने वाढलं, किंवा दिवसभराची लघवी लिटरच्या खाली आली, की त्याच दिवशी फोन करायचा. रात्री वाढलं तर रात्री. आडवं झाल्यावर धाप लागणं, पाणीही न टिकणारी उलटी, लघवी चहासारखी गडद होणं, ही थांबण्यासारखी लक्षणं नाहीत. एका बाजूला अचानक जीवघेणी कळ आली तर अंडाशयाला पीळ बसलेला असू शकतो, मग काही तासांतच ऑपरेशन लागतं. आणखी एक लक्षण कोणी सहसा सांगत नाही: मान दुखणं, मानेची एक बाजू सुजणं, हात जड होणं. रक्ताची गुठळी पायातच होते असा समज आहे. या आजारात ती मानेच्या शिरेतही होते.

घरी चुका होतात त्या मायेपोटीच होतात. कोणीतरी सांगतं ‘भरपूर पाणी पी’, आणि बाई पाच-पाच लिटर साधं पाणी रिचवते. रक्तातलं सोडियम आधीच उतरलेलं असतं, ते आणखी उतरतं. तहान लागेल तसं, दोन ते तीन लिटरच्या आत, आणि त्यातही ओआरएस, ताक, डाळीचं पाणी असं मीठ-प्रथिनं असलेलं घ्यावं. दुसरी चूक म्हणजे पूर्ण पलंगाला खिळून राहणं. घट्ट झालेलं रक्त निजलेल्या पायात गोठतं. घरातल्या घरात फिरत राहावं. जड काम, व्यायाम, पोटाला शेक-मालिश आणि संबंध मात्र बंद.

तिसरी चूक गावातल्या दवाखान्यात होते. पोटदुखी म्हणून डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन देतात, ते मूत्रपिंडांना मारक ठरतं. फक्त पॅरासिटामॉल चालतं. सूज दिसते, लघवी कमी आहे, म्हणून लॅसिक्स देतात. रक्त घट्ट असताना लघवी वाढवायचं औषध म्हणजे कोरड्या विहिरीला मोटर लावणं. त्या डॉक्टरांचाही दोष नाही, त्यांच्यासमोर कागदच नसतो. म्हणून ट्रिगरची तारीख, औषधाचं नाव, डोस आणि निघालेल्या अंड्यांची संख्या एका चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवायची, मोबाइलमध्येही फोटो ठेवायचा. ओएचएसएसचा धोका कमी करायला कॅबर्गोलिन ०.५ मिलिग्रॅम रोज असं सात-आठ दिवस लिहून दिलेलं असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावं. चक्कर येते, उभ्याउभ्या भोवळ येऊन पडायला नको.

दाखल झाल्यावर आम्ही सगळ्यात आधी हिमोग्राममधला पीसीव्हीचा आकडा बघतो, म्हणजे रक्तात तांबड्या पेशी किती टक्के आहेत ते. ४५ च्या वर गंभीर, ५५ च्या वर जिवावरचं. रिपोर्ट हातात आला की नातेवाईक हिमोग्लोबिन बघतात. आठवड्यापूर्वी ११ होतं, आता साडेचौदा. ‘सिस्टर, रक्त वाढलं की तिचं!’ आनंदाने सांगतात. रक्त वाढलेलं नसतं, त्यातलं पाणी निघून गेलेलं असतं. एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी कितीतरी रात्री वाचतील.

उपचाराला जादू नाही. सलाईन मोजून, गरज असेल तर अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), गुठळी होऊ नये म्हणून एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम रोज एकदा कातडीखाली, तासातासाची लघवी लिहिणं. तासाला ३० मिलिलिटरच्या खाली गेली की डॉक्टरांना उठवायचं. पोट तट्ट फुगून श्वास घेता येईनासा झाला किंवा लघवी बंदच झाली, तर सोनोग्राफीखाली बारीक नळी घालून पाणी काढतात. ते गव्हाच्या काडीच्या रंगाचं, किंचित चिकट असतं. बाटलीत थेंब थेंब उतरू लागतं आणि लिटर-दीड लिटर गेल्यावर बाई दोन दिवसांत पहिल्यांदा पाठ टेकून निजते. आणि मग लघवीच्या पिशवीत धार सुरू होते. पोटातल्या दाबाने मूत्रपिंडांचं रक्त अडलेलं असतं, ते मोकळं होतं. पाणी सावकाश काढावं लागतं, भराभर काढलं तर रक्तदाब कोसळतो. अंडाशय या काळात दहा-बारा सेंटिमीटरचे, पाण्याच्या फुग्यासारखे झालेले असतात. म्हणून कोणीही पोट जोरात दाबून तपासायचं नाही. गर्भ सोडलेला नसेल तर पाळी येता येता, आठ-दहा दिवसांत, हे सगळं ओसरतं.

आता दुसरा निर्णय. किती गर्भ सोडायचे?

‘दोन सोडा, एकदमच दोन झाली तर सुटलो’ ही मागणी आम्ही रोज ऐकतो. त्यामागे कर्ज असतं, रजा संपलेल्या असतात, सासरचे प्रश्न असतात. पण वरच्या मजल्यावर उभं राहून बघितलं तर चित्र वेगळं दिसतं. जुळ्यांमधली निम्म्याहून जास्त ३७ आठवड्यांच्या आत जन्मतात. आईला रक्तदाब, साखर आणि बाळंतपणानंतर अंगावरून अति जाणं, हे सगळंच जुळ्यांत वाढतं. पाच दिवस वाढवलेला चांगला गर्भ (ब्लास्टोसिस्ट) हातात असेल तर एकच सोडावा आणि उरलेले गोठवावेत. दोन वेळा एकेक सोडून मिळणारं यश एकदम दोन सोडण्याच्या जवळपास येतं. एक सोडला तरी तो क्वचित फुटून एकाच वारेवरची जुळी होऊ शकतात, हेही आधी माहीत असावं. अशा जुळ्यांत एकाचं रक्त दुसऱ्याकडे वळू शकतं, म्हणून सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी लागते. वार एक की दोन, हे ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत स्वच्छ कळतं, नंतर अवघड होतं. रिपोर्टवर ते लिहून घ्यायचंच.

गोठवलेला गर्भ सोडताना आणखी एक प्रश्न विचारण्यासारखा आहे: नैसर्गिक पाळीवर करता येईल का? बहुतेक ठिकाणी गोळ्यांनी अस्तर वाढवतात, कारण तारीख हातात राहते. पण त्यात स्वतःचं अंडं फुटत नाही, त्यामुळे अंडाशयात कॉर्पस ल्युटियम, म्हणजे अंडं फुटल्यावर उरणारी संप्रेरकं बनवणारी गाठ, तयार होत नाही, आणि अशा गरोदरपणात रक्तदाबाचा आजार जास्त आढळतो. पाळी नियमित असेल तर नैसर्गिक, पीसीओएस असेल तर लेट्रोझोल देऊन अंडं फोडून, असा मार्ग निघू शकतो. गोळ्यांवरच्या सायकलमध्ये प्रोजेस्टेरॉन हाच गर्भाचा एकमेव आधार असतो, १० ते १२ आठवड्यांपर्यंत. शुक्रवारी संध्याकाळी पाकीट संपलं आणि सोमवारी आणू म्हटलं, असं करता येत नाही.

बीटा टेस्टची, म्हणजे गर्भ धरला का हे सांगणाऱ्या एचसीजीच्या रक्ततपासणीची, घाई नको. ताज्या सायकलमध्ये ट्रिगरचं एचसीजी दहा-बारा दिवस अंगात असतं, घरच्या पट्टीवर दोन रेघा त्याच्याच उमटतात. टेस्ट खरी पॉझिटिव्ह आली तरी सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी हवी. गर्भ गर्भाशयात सोडलेला असूनही तो बीजवाहिनीच्या नळीत सरकू शकतो. दोन सोडले असतील तर एक आत आणि एक नळीत, असंही होतं. आतला दिसला की सगळे निर्धास्त होतात आणि नळीतला फुटतो.

पुढचे महिने इतर गरोदरपणासारखेच, फक्त दोन पावलं सावध. जुळी, चाळिशीच्या आसपासचं वय, दात्याचं अंडं अशी जोखीम असेल तर बाराव्या आठवड्यापासून ॲस्पिरिनबद्दल विचारायचं; १५० मिलिग्रॅम रात्री झोपताना, साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत. साखरेची ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत. दोन तासांनी १४० किंवा वर म्हणजे गरोदरपणातला मधुमेह. रक्तदाबाचं घरगुती यंत्र घ्यावंच. १४०/९० दोनदा आलं तर कळवायचं, १६०/११० आलं तर निघायचं. डोकं ठणकणं, डोळ्यांसमोर काजवे, बरगडीखाली उजवीकडे दुखणं याला ‘पित्त झालं असेल’ म्हणून सोडा घेऊन झोपू नका.

बाळंतपण कुठे, हे सातव्या महिन्याच्या आत ठरवा. पहिलं बाळंतपण माहेरी ही आपली रीत, पण माहेरच्या गावात सीपॅप (नाकातून दाबाने हवा देऊन फुप्फुसं उघडी ठेवणारं यंत्र) आणि व्हेंटिलेटर असलेला नवजात बाळांचा कक्ष किती लांब आहे ते आधी बघा. ३४ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या तर डेक्सामिथासोन ६ मिलिग्रॅम, १२-१२ तासांनी चार इंजेक्शनं. बाळाच्या फुप्फुसांसाठी यापेक्षा स्वस्त आणि मोठी मदत दुसरी नाही. पहिलं इंजेक्शन द्या, मग अँब्युलन्स बोलवा. आणि बाळाला हलवायचं तर पोटात असतानाच; आईच्या पोटासारखी दुसरी अँब्युलन्स नाही.

बाळ आलं. रडत असेल तर नाळ निदान ३० ते ६० सेकंद थांबून कापतात, ३२ आठवड्यांच्या आतलं असेल तर न पुसताच स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत मानेपर्यंत घालतात. नातेवाईक दचकतात, पण ओल्या अंगाचं एवढंसं बाळ मिनिटांत गार पडतं आणि गार पडलेल्या बाळाची साखर उतरते, श्वास अडतो. तापमान ३६.५ ते ३७.५ मध्येच हवं. पुढे सीपॅप, लागलं तर सर्फॅक्टंट, म्हणजे फुप्फुसं मिटू न देणारं औषध. ऑक्सिजनचा आकडा १०० दिसला की आजी खूश होते, पण ऑक्सिजन लावलेल्या कमी दिवसांच्या बाळाला ९० ते ९५ च हवा. जास्त ऑक्सिजन डोळ्यांच्या पडद्याला बाधतो.

इथे आईचं काम सुरू होतं, आणि ते दुसरं कोणी करू शकत नाही. सिझेरियन झालेलं, सलाईन चालू, बाळ दुसऱ्या मजल्यावर, ‘दूधच नाही’ म्हणून रडू. पहिल्या दिवशी दूध थेंबांतच मोजायचं असतं. पहिल्या काही तासांत हाताने काढायला सुरुवात करायची: अंगठा वर, चार बोटं खाली, काळ्या भागाच्या थोडं मागे, आधी छातीकडे दाबायचं आणि मग बोटं जवळ आणायची, कातडीवर घासायची नाहीत. पिवळट चीक अर्धा मिलिलिटर निघाला तरी सिरिंजमध्ये ओढून वर पाठवायचा. आम्ही तो बाळाच्या गालाच्या आत लावतो. दिवसातून आठ वेळा, त्यात एकदा तरी रात्री. रात्रीचं काढणं सोडलं की चौथ्या-पाचव्या दिवसापासून दूध आटतं. तोवर दूधपेढीचं दूध असतं, ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवलेलं. आशियातली पहिली दूधपेढी सायन रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. त्याच्या तीनच वर्षं आधी, ऑगस्ट १९८६ मध्ये, परळच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून तिथली पहिली टेस्ट ट्यूब मुलगी जन्मली होती. एकाच शहरातली दोन महापालिकेची रुग्णालयं. आज आमच्याकडची कित्येक बाळं या दोन्हींची ऋणी आहेत.

चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांना जमतो. त्याआधी नळीने, मग बोंडल्याने. आजीच्या कपाटातलं चांदीचं बोंडलं चालतं, फक्त दरवेळी उकळून. त्याच्या चोचीत दूध साचून वाळतं आणि तिथेच जंतू धरतात. बाळाला टेकवून बसतं धरायचं, चोच ओठाच्या कोपऱ्यात ठेवायची, ओतायचं नाही. ते जिभेने ओढून घेतं. पहिले काही दिवस वजन दहा टक्क्यांपर्यंत, कधी थोडं जास्तही उतरतं. त्याने घाबरून पावडरचा डबा आणू नका.

आणि कांगारू. अंगावर फक्त डायपर, टोपडं, मोजे. आईच्या दोन स्तनांच्या मध्ये उभं, मान एका कुशीला आणि किंचित वर, म्हणजे नाक मोकळं. पाय बेडकासारखे. वरून जुन्या मऊ सुती साडीने बाळाच्या कानाच्या पातळीपर्यंत बांधायचं, गाठ मागे. एका बैठकीला निदान तासभर, दिवसाकाठी आठ तासांच्या वर जितकं जमेल तितकं. बाळ स्थिरावल्यावरच सुरू करायचं हा जुना नियम. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच देशांतल्या अभ्यासात, जन्मल्याबरोबर कांगारू सुरू केलेल्या १ ते १.८ किलोच्या बाळांतले मृत्यू एक चतुर्थांशाने कमी झाले. त्यात दिल्लीचं सफदरजंगही होतं. आई आजारी असेल तर बाबा, आत्या, मावशी. शर्ट काढायला लाजणारे बाबा दुसऱ्या दिवशी उठायला तयार नसतात.

घरी नेल्यावर मध चाटवणं, गुटी, कानात-नाकात तेल, काजळ आणि शेगडीची धुरी, यांतलं काहीही नको. बारशाला पन्नास हातांतून फिरवणंही थांबू शकतं. लस जन्मतारखेप्रमाणे द्यायची, वाढ मात्र अपेक्षित तारखेपासून मोजायची.

डिस्चार्ज कार्डावर आम्ही एक तारीख लाल पेनने लिहितो, डोळ्यांच्या तपासणीची. २००० ग्रॅमच्या आत किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या प्रत्येक बाळाचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत बघायला हवा, फार लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. थेंब घालून बाहुली मोठी करतात, तपासणीआधी तासभर दूध देत नाहीत, बाळ रडतं, आणि पाच मिनिटांत होऊन जातं. एकदा बघून भागत नाही, दर एक-दोन आठवड्यांनी बोलावतात, पडद्यावर रक्तवाहिन्या पूर्ण पसरेपर्यंत. जायला गाडी नसेल तर आदल्या दिवशी वॉर्डला फोन करा, पण ती तारीख पुढे ढकलू नका.